मोजणीच्या पुढचा धडा

शुभा वझलवार यांना मी चांगलं ओळखत होतो असं म्हणायचा मला हक्क नाही. त्यांचं माहेर कुठलं, भावंडं किती, त्या देवाला मानत होत्या की नाही, यातलं मला काहीच ठाऊक नाही. अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये आम्ही काही वर्षं टाउनहाउसच्या एकाच रांगेत राहिलो. मला गाडी चालवता येत नाही, त्यांना येत होती, म्हणून लायब्ररीत जाता-येता मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. त्या बोलायच्या आणि मी ऐकायचो. ओळख म्हणाल तर एवढीच.

मी लिहिणारा माणूस नाही. वीज मंडळात आयुष्यभर इतरांनी सांगितलेला मजकूर टाइप केला, स्वतःचा असा कधी केला नाही. आता लिहायला बसलो आहे तो राग आला म्हणून. यंदा सप्टेंबरात मेंदूत रक्तस्राव होऊन शुभाताई अचानक गेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्रात त्यांच्यावर चार ओळी आल्या. मनमिळाऊ स्वभाव, हळदीकुंकवात पुढाकार, आणि 'काही काळ एका ऑफिसात नोकरी'. ते 'एका ऑफिसात' मी दोनदा वाचलं. मी संपादकांना फोन केला. संपादक म्हणजे सिद्धेश, तिशीतला इंजिनिअर, मुलगा चांगला आहे. तो म्हणाला, "काका, मग तुम्हीच लिहा ना दिवाळी अंकात. फक्त पॉलिटिकल नको हं, लोक ऑफेंड होतात." मी बरं म्हणालो. पण ते मला जमेलसं दिसत नाही.

शुभाताई वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आपल्याकडे निवडणूक आली की शाळामास्तरांना ड्यूटी लागते. मतपेट्या घेऊन एसटीने नाहीतर ट्रकने गावात जायचं, शाळेच्याच फरशीवर झोपायचं, पहाटे उठून बाकं लावायची. त्यांनी अशा कितीतरी निवडणुका केल्या होत्या. पुढे त्यांचे यजमान विनयराव टेलिफोनच्या एका कंपनीत नोकरीवर इकडे आले, त्यांच्याबरोबर त्याही आल्या. दोन हजार दोन साली इथल्या टेलिफोन कंपन्या धडाधड बुडाल्या तेव्हा विनयरावांची नोकरी गेली. पाठोपाठ त्यांच्या हृदयाची बायपास झाली. तेव्हापासून घर शुभाताईंच्या नोकरीवर आणि त्या नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यावर चाललं होतं.

ती नोकरी टोल रोडच्या कडेला, काचेच्या इमारतीतल्या एका कंपनीत होती. अमेरिकन सरकारकडून कंत्राट घेऊन दुसऱ्या देशांतल्या लोकांना निवडणुका कशा घ्यायच्या ते शिकवणं हा त्या कंपनीचा धंदा. मला आधी हे खरंच वाटलं नाही. असाही धंदा असतो? शुभाताई तिथे साध्या कारकुनीला लागल्या होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सहज सांगितलं की आपण मतदान केंद्र चालवलंय. त्यांचा साहेब ब्रायन, चाळिशीतला हसतमुख माणूस, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. तिथे बाकी कोणीच खरंखुरं मतदान केंद्र चालवलेलं नव्हतं. महिनाभरात शुभाताई प्रशिक्षक झाल्या.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात पॅलेस्टाइनहून बायकांची एक तुकडी आली. तिकडे येत्या जानेवारीत निवडणूक होती. बहुतेक जणी शाळेतल्या शिक्षिकाच होत्या, आपल्यासारख्याच ड्यूटी लागलेल्या. सरावाला खोटे मतदार हवे होते. शुभाताईंनी आमच्या रांगेतले रिकामटेकडे म्हातारे गोळा केले. सँडविच मिळेल, म्हणाल्या. मी, विनयराव आणि नागपूरचे एक निवृत्त ओव्हरसीयर दिगंबरपंत असे आम्ही गेलो.

इमारतीच्या दारातच इराकी लोकांचे जांभळी शाई लावलेली बोटं वर केलेले मोठमोठे फोटो होते. दिगंबरपंत ते बघून म्हणाले, "आपण इतकी वर्षं बोटं काळी करतोय, आपला फोटो कोणी लावला नाही."

आत कॉन्फरन्स रूममध्ये शुभाताईंनी वर्ध्याची शाळा मांडली होती. यादी तपासणारी एक, शाई लावणारी एक, मतपत्रिका देणारी एक. मतपत्रिकेवर पक्ष नव्हते, भाज्या होत्या. टोमॅटो, वांगं, भेंडी आणि कोबी. मला भांडखोर मतदार व्हायचं होतं, म्हणजे एकदा मत देऊन पुन्हा रांगेत शिरायचं आणि पकडलं की आरडाओरडा करायचा. मला काही ते साधलं नाही. शाईवाल्या बाईंनी माझं बोट धरलं तसा मी "सॉरी" म्हणालो आणि बाजूला झालो. सगळ्या जणी हसल्या. शुभाताई म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखे मतदार असते तर पोलीस लागलेच नसते."

मोजणी झाली. टोमॅटोचा बोलबाला होता, पण निवडून आला कोबी. मग शुभाताईंनी शेवटचा धडा घेतला. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि एक दुभाष्या ते अरबीत सांगायचा.

"तुमच्यापैकी कोबी कोणाला आवडत नाही?"

बरेच हात वर झाले. ब्रायननेही मागून हात वर केला.

"आता काय करायचं?"

कोणी म्हणालं पुन्हा मोजा, कोणी म्हणालं टोमॅटोवाल्यांनी तक्रार करावी.

"मोजणी बरोबर आहे. तक्रार नाही. मग?" शुभाताईंनीच उत्तर दिलं, "पाच वर्षं कोबी खायचा. पुढच्या वेळी दुसरं मागायचं. निवडणूक म्हणजे एवढंच."

त्यांच्यात सिहाम नावाची गणित शिकवणारी एक बाई होती. डोक्याला करडा रुमाल, चेहरा आपल्याकडच्या कडक हेडबाईंसारखा. तिने विचारलं, "आम्ही खाऊ. पण कोबी निवडून आला तर तुम्ही लोक आम्हाला तो शिजवू द्याल का?"

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. कोबी म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं होतं. हमास त्या निवडणुकीत उतरणार होती.

शुभाताईंनी ब्रायनकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "अर्थातच." मग शुभाताई सिहामजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मी शब्द देते."

हा शब्द त्यांनी का दिला ते मला पुढे पुष्कळ दिवसांनी समजलं. निदान तसं वाटतं. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी खेड्यातली मास्तरीण केंद्रावर बसते तेव्हा सगळं सरकार तिच्या पाठीशी उभं असतं. आमदार असो की पाटील, तिने बाहेर व्हा म्हटलं की बाहेर. निकाल लागला की हरलेला मंत्रीसुद्धा गाडी सोडून घरी जातो. शुभाताईंना वाटलं, इथेही तसंच. आपण ड्यूटीवर आहोत म्हणजे आपल्यामागे सरकार आहे. त्यांच्यामागे फक्त एक कंत्राट होतं. आपल्याकडे ड्यूटी केलेलं माणूसच ही चूक करू शकतं, आणि मला ती चूक अजूनही चूक वाटत नाही.

जानेवारीत निवडणूक झाली. निवडणूक घ्या, ठरल्या वेळी घ्या, हा अमेरिकेचाच धोशा होता. निकाल लागला तो नेमका आपल्या प्रजासत्ताक दिनाला, आणि हमास जिंकली. बाहेरून गेलेल्या निरीक्षकांनी मतदान नीट झाल्याचं सांगितलं. त्या शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ वाटता वाटता संजय नावाचे एक गृहस्थ, मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शुभाताई, तुमच्या विद्यार्थिनींनी तर कमाल केली. टेररिस्ट निवडून दिले. चांगली गुरुदक्षिणा मिळाली तुम्हाला."

लोक हसले. शुभाताई नाही हसल्या.

"त्यांनी कोणाला निवडलं ते मला नका विचारू, मीही त्यांना मत दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "बसमध्ये बॉम्ब फोडणारे लोक आहेत ते. पण पेटी उघडल्यावर आत काय निघावं हे आधीच ठरलेलं असेल, तर मग पेटी ठेवायचीच कशाला?"

"अहो, म्हणून काय अमेरिकेने त्यांना पैसे द्यायचे? माझ्या टॅक्सचे?"

"नका देऊ. पण मग आधी सांगायचं होतं ना संजयराव. परीक्षेला बसवायचं, पेपर सोडवून घ्यायचा आणि मग म्हणायचं की तू पास झालास तर शाळाच बंद करू."

"ताई, तुम्ही फार इमोशनल होता यार. फॉरेन पॉलिसी अशी नसते."

"कशी असते?"

संजय वडी तोंडात टाकून पुढच्या घोळक्यात गेले.

मला राजकारण कळत नाही. चुकत असेन तर वाचणाऱ्यांनी सोडून द्यावं. पण पेपर मीही वाचतो. अरबांच्या देशांतून जे राजे आणि सेनापती वर्षानुवर्षं मतदान न घेता बसले आहेत त्यांच्याशी अमेरिकेचं आणि युरोपचं उत्तम जमतं. त्यांना पैसा जातो, विमानं जातात. लोकशाहीने सगळा प्रदेश बदलणार, म्हणून मोठाली भाषणं झाली, इराकवर त्या नावाने बॉम्ब पडले. आणि एका लहानशा, पिचलेल्या मुलखातल्या लोकांनी सांगितल्याप्रमाणे रांगेत उभं राहून मतं दिली, तेव्हा यांनी पैसे तोडले. अमेरिकेने तोडले, युरोपने तोडले, इस्रायलने त्यांच्याच कराची रक्कम अडकवून ठेवली. शिक्षकांचे पगार थांबले. हमासने शस्त्रं सोडावीत, असं म्हणणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मत देण्याचा गुन्हा गणिताच्या मास्तरणीने केला आणि शिक्षा तिच्या ताटाला, हे कुठल्या पॉलिसीत बसतं ते मला कोणीतरी सांगावं. मी म्हातारा आहे, हळू सांगितलं तर समजेल.

त्या वर्षी पानगळीच्या सुमारास एकदा लायब्ररीतून परतताना शुभाताईंनी गाडी आमच्या दारात उभी केली, पण दाराचं लॉक उघडलं नाही.

"काका, सिहामचा फोन आला होता. घरी."

"काय म्हणाली?"

"तिच्या भाचीला इंग्रजी येतं, तिच्यामार्फत बोलली. मार्चपासून धड पगार नाही. त्यांचा संप चाललाय, शाळा बंद आहेत. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होते शिव्या खायला."

"मग?"

"शिव्या नाही दिल्या. विचारत होती, मॅडम, आमच्या मोजणीत काही चुकलं होतं का? तुम्ही शिकवलं तसंच केलं होतं. कुठे चुकलं असेल तर सांगा, पुढच्या वेळी सुधारू."

त्या समोर बघत होत्या. वायपरमध्ये ओलं पान अडकलं होतं आणि वायपर चालूच होता.

"मी ब्रायनला म्हटलं, एवढं तरी कळवू या, की तुमचं काही चुकलं नाही. तो म्हणतो, त्या सरकारच्या पगारावर असलेल्या कोणाशीही संपर्क ठेवायचा नाही, तसे आदेश आहेत. मी म्हटलं, अरे कसला पगार, पगारच तर तुम्ही बंद केलाय तिचा. तर म्हणतो, शुभा, मी तुझी भावना समजू शकतो." त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "भावना समजतो म्हणे. त्याला माझी भावना समजली असती तर त्या दिवशी त्याच्या घशाखाली जेवण उतरलं नसतं."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी जो शब्द दिला तो माझा नव्हताच."

मी म्हणालो, "त्या ब्रायनच्याही हातात काय असणार?"

"हो ना," त्या म्हणाल्या. "इथे कोणाच्याच हातात काही नसतं. फक्त तिकडच्या लोकांचा पगार बरोबर बंद होतो." आणि लॉक उघडलं.

दोन हजार सातच्या वसंतात दुसरी तुकडी आली, येमेनची. अभ्यासक्रम तोच, भाज्याही त्याच. ब्रायनला शेवटचा धडा फार आवडला होता, तो त्याने वरच्या साहेबांना दाखवला होता. तो शब्दशः तसाच घ्यायचा, असं ठरलं. शुभाताईंनी आठवडाभर आधी सांगून टाकलं की बाकी सगळं शिकवीन, पण 'पाच वर्षं खायचा, निवडणूक म्हणजे एवढंच', तेवढं मी म्हणणार नाही. ब्रायन म्हणाला, मग अवघड होईल. काय अवघड होईल ते सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही म्हातारे पुन्हा खोटे मतदार म्हणून निघालो. गाडीत पुढे विनयराव, मागे मी आणि दिगंबरपंत. विनयराव मितभाषी, पण त्या दिवशी आमच्यादेखत बोलले.

"एक वाक्य बोलायला तुझं काय जातं, शुभा? येमेनच्या बायका आहेत. तुझी सिहाम नाहीये तिथे."

"म्हणून खोटं बोलू?"

"खोटं कसलं? पुस्तकातलं आहे ते. तू शाळेत सगळं खरंच शिकवायचीस का?"

"मला वाटायचं तरी की खरं आहे."

"माझ्या गोळ्यांचं काय ते बघ," विनयराव म्हणाले, आणि लगेच आवाज खाली आणून, "तसं नाही म्हणत मी. पण विचार कर."

"केलाय. म्हणून तर झोप नाही."

दिगंबरपंतांनी खिडकी थोडी खाली केली.

त्या दिवशी मतदान झालं, शाई लागली, पेट्यांना सील लागलं. वांगं निवडून आलं. मागच्या भिंतीशी ब्रायन आणि वॉशिंग्टनहून आलेला त्याचा एक वरिष्ठ उभे होते. शुभाताई फळ्यापाशी गेल्या. वांगं कोणाला आवडत नाही, हे त्यांनी विचारलं, हात वर झाले. आता काय करायचं, हेही विचारलं. मग त्या थांबल्या. मी विनयरावांकडे पाहिलं, ते आपल्या बुटांकडे बघत होते.

शुभाताई इंग्रजीत म्हणाल्या, "मतदान नीट कसं घ्यायचं आणि नीट कसं मोजायचं ते मी तुम्हाला शिकवलं. ते खरं आहे, ते विसरू नका. मोजणीच्या पुढचं मला शिकवता येत नाही. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत मी शिकवलं होतं की जो निवडून येईल त्याला सगळे मान्य करतील. ज्यांनी मला ते शिकवायला ठेवलं त्यांनीच मान्य केलं नाही. तुमच्याकडे काय करतील मला माहीत नाही. विचारायचं असेल तर ते मागे उभे आहेत, त्यांना विचारा."

दुभाष्याने तोंड उघडलं आणि ब्रायनकडे बघून मिटलं. ब्रायन टाळी वाजवून म्हणाला, "छान. आता जेवायला जाऊ."

कोणी उठलं नाही. मागच्या रांगेत काळ्या बुरख्यातली एक तरुण मुलगी होती, तिला इंग्रजी येत असावं. तिने हलक्या आवाजात सगळं अरबीत सांगितलं. बाकीच्या ऐकत होत्या आणि एकेक करून माना मागे वळत होत्या. त्या वरिष्ठाला कोणीतरी एक प्रश्न विचारला. दुभाष्याने तो मात्र सांगितला. वरिष्ठ म्हणाला, फार चांगला प्रश्न आहे, जेवणानंतर बोलू. जेवणानंतर तो तिथे नव्हता.

पुढच्या महिन्यात कंपनीने शुभाताईंचं काम संपल्याचं कळवलं. बजेट कमी झालं, असं कारण दिलं. मोठ्या हुशारीने दिलं, कारण बजेटवर कोणी रागवू शकत नाही. मी रागावतो. मी त्या बजेटवर, त्या हसऱ्या ब्रायनवर, 'भावना समजतो' म्हणणाऱ्या सगळ्यांवर रागावतो, आणि मला त्याचा काही उपयोग नाही हेही मला कळतं. मंडळात ही गोष्ट पसरली तेव्हा लोक म्हणाले, हट्टी बाई आहे, नवऱ्याचा तरी विचार करायचा. विनयराव स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, निदान माझ्यासमोर.

शुभाताईंनी सुपरमार्केटच्या काउंटरवर नोकरी धरली. दिवसभर उभं राहायचं काम, पण तासांवर काम करणाऱ्यांनाही तिथे विमा मिळत होता. त्यांची गाडी आता वेळी-अवेळी बाहेर असायची, त्यामुळे माझी लायब्ररी सुटली. गाझातली मारामारी, तिथली नाकेबंदी, मी घरीच वाचत होतो. त्यावर कोणाशी बोलावं तर त्यांच्याशीच, पण भेट होत नव्हती. सिहामचा पुन्हा फोन आला की नाही, मला माहीत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये, शुभाताई जाण्याच्या महिनाभर आधी, सून ज्ञानदा मला बरोबर घेऊन त्या दुकानात गेली. तिला औषधांच्या काउंटरवर जायचं होतं, म्हणून मी एकटाच दूध आणि पाव घेऊन रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर पाहिलं तर समोर शुभाताई. हिरवा एप्रन, छातीवर नावाची पट्टी, केस बरेच पिकलेले. मला खूप विचारायचं होतं. मागे मोठी रांग होती.

"विनयराव कसे आहेत?"

"बरे आहेत. फिरायला जातात. तुमचं गुडघ्याचं?"

"चाललंय."

त्यांनी दूध मशीनवरून सरकवलं, मग पाव.

"काका, पिशवी एकच देऊ की दोन?"

"एकच द्या. गाडी जवळच आहे."

"पाव वर ठेवलाय, दबेल नाहीतर."

"बरं," मी म्हणालो.